किल्ली कोणाच्या कमरेला?

मी एका लहान नगरपालिकेच्या मालमत्ता विभागात २२ वर्षं कारकुनी केली. एक सभागृह, तीन शाळा आणि त्यांची मैदानं, बाजारामागची मोकळी जागा आणि बंद पडलेला दवाखाना, एवढा आमच्या विभागाचा संसार. लग्न असो, आरोग्य शिबिर असो, हरिनाम सप्ताह असो की पक्षाचा मेळावा, अर्ज माझ्या टेबलावर यायचा. अनामत रक्कम घ्यायची, पावती फाडायची, रजिस्टरात नोंद करायची आणि किल्ली द्यायची. निवडणूक आली की वरून पत्र येई आणि शाळा, सभागृह सगळं त्या कामासाठी ताब्यात जाई. कायद्यातच तशी तरतूद आहे. वरून आलेल्या पत्राला ‘जागा देणार नाही’ असं उत्तर जाऊ शकतं का, हा प्रश्न त्या २२ वर्षांत आमच्या कार्यालयात कुणाला पडला नाही. मलाही नाही.

तो पडला नोकरी सुटल्यावर. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्कराचं एक विमान अमृतसरला उतरलं. त्यात हद्दपार केलेले १०४ भारतीय होते. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे. तिघे आपल्या महाराष्ट्रातले. त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांवर देशभर चर्चा झाली, संसदेत प्रश्न विचारले गेले. माझं मन मात्र कारकुनी सवयीने भलतीकडेच गेलं. विमानात बसवण्याआधी ही माणसं कुठे ठेवली होती? ती इमारत कोणाची? तिचं भाडं कोण घेतं? ज्या धावपट्ट्यांवरून अशी विमानं उडतात त्या कोणाच्या मालकीच्या? आणि मालकाने किल्ली दिली नाही तर काय होतं?

इंग्रजी माझं बेताचं, कायद्याचं शिक्षण नाही. पण निकालपत्रं आणि जुन्या नोंदी आता घरबसल्या वाचता येतात. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो. मला वाटलं होतं, हा चार-सहा वर्षांचा वाद असेल. धागा ओढत गेलो तर तो १८४२ सालापर्यंत मागे गेला, आणि तिथे स्थलांतरितांचा नव्हे, पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न होता.

*

त्या काळी अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती आणि उत्तरेकडच्या राज्यांनी ती मोडीत काढली होती. दक्षिणेतून पळून उत्तरेत आलेल्या माणसाला मालकाच्या हवाली करावं, असं देशाची घटना सांगत होती आणि १७९३ पासून तसा केंद्राचा कायदाही होता. प्रश्न असा, की पकडून आणण्याचं काम कोणी करायचं? केंद्र सरकारकडे त्या वेळी ना पुरेशी माणसं होती ना तुरुंग. सगळी मदार राज्यांच्या न्यायाधीशांवर, शेरीफांवर आणि काउंटीच्या कोठड्यांवर. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा घटक. तुरुंग आणि कोर्टाची इमारत बहुधा तिच्या मालकीची.

१८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि त्याच्या साथीदारांनी पेनसिल्व्हेनियातून मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला तिच्या मुलांसह उचलून मेरीलँडला नेलं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने हे अपहरण होतं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८४२ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल दिला, की पळालेल्या गुलामांचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे, राज्याला त्यात आडवं येता येणार नाही. प्रिग सुटला. मार्गारेटच्या पदरात काहीच पडलं नाही. पण त्याच निकालपत्रात दुसरी बाजूही मांडली गेली: काम केंद्राचं असेल तर ते राज्याच्या अधिकाऱ्यांवर सक्तीने लादता येणार नाही. गुलामधारकांच्या बाजूने गेलेल्या निकालात गुलामगिरीच्या विरोधकांना हत्यार सापडलं ते इथे.

ते वापरायची वेळ त्याच वर्षी बॉस्टनमध्ये आली. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून जॉर्ज लॅटिमर आणि त्याची बायको रिबेका जहाजात लपून पळाले. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला जॉर्ज पकडला गेला आणि मालक कागदपत्रं जमवेपर्यंत त्याला लेव्हरेट स्ट्रीटच्या तुरुंगात ठेवलं. हा तुरुंग लोकांच्या करातून बांधलेला. शहरात संताप उसळला तो या मुद्द्यावर: आमच्या पैशाने उभ्या केलेल्या कोठडीत एका खासगी मालकाचा ‘माल’ का ठेवायचा? दबाव इतका वाढला, की लॅटिमरला सोडायचा हुकूम शेरीफने तुरुंगाधिकाऱ्याला दिला. आता मालकापुढे साधी व्यावहारिक अडचण उभी राहिली. माणूस ताब्यात आहे, पण ठेवायचा कुठे? खवळलेल्या शहरात खासगी खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. अखेर त्याने ४०० डॉलर घेऊन लॅटिमरवरचा हक्क सोडला.

पुढे या लॅटिमरचा मुलगा, लुईस, विजेच्या दिव्यातल्या कार्बनच्या तारेवर काम करणारा नामांकित संशोधक झाला. पण आपला विषय कुलपाचा आहे. मालकाचा हक्क कोर्टाने नाकारला नव्हता. कायदा त्याच्याच बाजूने होता. त्याला नव्हती ती फक्त कुलूप लागणारी खोली.

लोकांनी हे अचूक हेरलं. ६४ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात गेला आणि मार्च १८४३ मध्ये कायदा झाला: राज्याचा कोणताही अधिकारी पळालेल्या गुलामाला पकडण्यात मदत करणार नाही आणि राज्यातला कोणताही सार्वजनिक तुरुंग त्यासाठी वापरला जाणार नाही. व्हरमाँट, पेनसिल्व्हेनिया, ऱ्होड आयलंड या राज्यांनीही पुढच्या काही वर्षांत तसे कायदे केले.

*

केंद्राने १८५० मध्ये नवा, कडक कायदा आणला. गुलामांचे दावे ऐकायला कमिशनर नेमले. माणूस मालकाला परत दिला तर कमिशनरला १० डॉलर, सोडला तर ५. सामान्य नागरिकालाही पकडापकडीत सामील व्हायला भाग पाडता येईल अशी तरतूद होती. पण राज्यांच्या तुरुंगांच्या किल्ल्या काही या कायद्याने केंद्राच्या हाती आल्या नाहीत.

त्याचा परिणाम एप्रिल १८५१ मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर दिसला. जॉर्जियातून पळून आलेला थॉमस सिम्स हा गवंडीकाम करणारा तरुण पकडला गेला. तुरुंग कायद्याने बंद. मग त्याला कोर्टाच्या इमारतीतच, केंद्राच्या ताब्यातल्या खोलीत ठेवलं. दोन महिन्यांपूर्वी शॅड्रॅक मिंकिन्स नावाच्या माणसाला लोकांनी याच इमारतीतून पळवून नेलं होतं, म्हणून या वेळी संपूर्ण इमारतीला लोखंडी साखळीचा वेढा घातला. आत जायचं तर साखळीखालून वाकून जावं लागे. राज्याचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉसुद्धा वाकून गेले. सार्वजनिक तुरुंग मिळाला नाही, तेव्हा न्यायालयाचाच तुरुंग झाला आणि ते साऱ्या शहराला दिसलं. न दिसणारी कोठडी आणि भर चौकातली साखळी, यांतला फरक मोठा आहे.

पण इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. राज्याचा कायदा ‘मदत नको’ म्हणत असताना बॉस्टन शहराचं प्रशासन आणि पोलीस मात्र सिम्सला रवाना करण्याच्या कामात पुढे होते. १२ एप्रिलला पहाटे उजाडण्यापूर्वी सुमारे ३०० सशस्त्र माणसांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेलं. सव्हॅनाला पोचल्यावर त्याला जाहीर फटके मारले गेले. म्हणजे स्थानिक सरकार नेहमीच दुबळ्याच्या बाजूने उभं राहतं, असं इतिहास सांगत नाही. किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याचं मनही तिच्यासोबत असतं.

त्याच महिन्यात माझ्यासारख्या हॉल-कारकुनाला फार जवळची वाटणारी एक घटना घडली. बॉस्टनचा फॅन्युएल हॉल हे शहराच्या मालकीचं प्रसिद्ध सभागृह. सिम्सच्या प्रकरणात गुलामगिरीविरोधकांनी सभेसाठी तो मागितला. शहराच्या आल्डरमन मंडळाने नाकारला. मग डॅनियल वेबस्टर यांच्या चाहत्यांनी त्यांच्यासाठी तोच हॉल मागितला. वेबस्टर तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री आणि १८५० च्या कायद्याचे मोठे पाठीराखे. एका बाजूला नाही म्हटलं आहे, तर दुसरीला हो कसं म्हणायचं? मंडळाने त्यांनाही नाही म्हटलं. गावात गहजब झाला, मंडळाला माघार घ्यावी लागली आणि दुखावलेल्या वेबस्टरांनी मग आमंत्रण स्वीकारलं नाही. सर्वांना सारखा नकार, हे जागेच्या राजकारणातलं महत्त्वाचं तत्त्व आहे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८५४ मध्ये अँथनी बर्न्स याला परत पाठवताना बॉस्टनमध्ये सैन्य उतरवावं लागलं. रस्त्याच्या दुतर्फा हजारोंचा जमाव, इमारतींवर काळं कापड. एका माणसाला परत पाठवण्यासाठी सरकारने इतका पैसा आणि इतकी शस्त्रं खर्च केली, की त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधून एकही गुलाम या कायद्याखाली परत पाठवला गेला नाही. आणि १८६० च्या डिसेंबरात साउथ कॅरोलायना देशातून फुटून निघालं तेव्हा त्याने दिलेल्या कारणांत उत्तरेकडच्या राज्यांचे हे असहकाराचे कायदे ठळकपणे होते. राज्यांच्या हक्कांचा जप करणाऱ्यांची तक्रार ही, की दुसरी राज्यं आपले हक्क वापरतात!

*

गुलामाला परत पाठवणं आणि परदेशी माणसाला हद्दपार करणं या एकच गोष्टी नाहीत. एकात माणूस ही मालमत्ता होती. दुसऱ्यात सीमा ठरवण्याचा सरकारचा अधिकार आहे, आणि तो अधिकार जगातला प्रत्येक देश वापरतो, आपणही वापरतो. साम्य आहे ते कारभाराच्या यंत्रणेत. दोन्हीकडे कायदा केंद्राचा आणि तो राबवायला लागणारी जागा बऱ्याचदा दुसऱ्याची.

स्थलांतराचा कायदा केंद्राच्या हाती आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्यापासून. तेव्हापासूनच जागेची चणचण आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी प्रवाशांना कित्येक वर्षं पॅसिफिक मेल स्टीमशिप कंपनीच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये कोंडत. एंजल आयलंडचं केंद्र १९१० मध्ये उघडलं. आजही स्थलांतर कायदा राबवणारी ‘आइस’ ही केंद्रीय यंत्रणा बंदिवान ठेवते ते मुख्यतः कंत्राटावर, खासगी कंपन्यांच्या बंदिगृहांत आणि काउंटीच्या तुरुंगांत.

सार्वजनिक इमारत उलट्या दिशेनेही वापरली जाते, याचं उदाहरण आपल्याच लोकांच्या वाट्याला आलं. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात काहीशे गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, त्यांत बहुतेक पंजाबचे शीख, त्यांच्या बराकींतून हुसकून काढलं. पोलिसांनी जमावाला अडवलं नाही. जवळपास दोनशे मजूर नगरभवनाच्या इमारतीत रात्रभर कोंडले गेले. काही दिवसांत बहुतेक सगळे गाव सोडून गेले. कुणालाही शिक्षा झाली नाही. तिथे केंद्राचा कायदा नव्हता, वॉरंट नव्हतं, हद्दपारीचा हुकूम नव्हता. हुकूम जमावाचा होता आणि खोली गावाची. १८४२ चा लेव्हरेट स्ट्रीट आणि १९०७ चं बेलिंगहॅम शेजारी ठेवले की गावाच्या मालकीच्या खोलीत दोन्ही शक्यता कशा नांदतात ते दिसतं.

*

आजच्या वादाची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात झाली. नोव्हेंबर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या कौन्सिलने युद्धावर जायला नकार देणाऱ्या ‘कोरल सी’ या युद्धनौकेच्या खलाशांना आश्रय द्यायचा ठराव केला आणि आपल्या कर्मचाऱ्यांना केंद्राच्या तपासात मदत करायला मनाई केली. १९७९ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी नियम केला, की केवळ कोण कुठल्या देशाचा हे शोधायला आपले पोलीस कारवाई करणार नाहीत. पुढे एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून पळून आलेल्यांना चर्चनी आसरा दिला. १९८५ मध्ये शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी महापालिकेच्या खिडकीवर नागरिकत्व विचारायला बंदी केली. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियमच केला, की कायद्याने भाग पाडल्याखेरीज शहराचा पैसा आणि साधनं स्थलांतर कारवाईला वापरायची नाहीत.

या नकाराला सर्वोच्च न्यायालयाचं पाठबळ मिळालं ते वेगळ्याच वाटेने. १९९२ मध्ये किरणोत्सारी कचऱ्याच्या खटल्यात आणि १९९७ मध्ये बंदूक खरेदीदारांच्या तपासणीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की केंद्र सरकार राज्यांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. १९९७ चा खटला लढवणारे शेरीफ बंदुकांवरच्या केंद्रीय नियमांना विरोध करणारे. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया पुराणमतवादी. आज ती ढाल उदारमतवादी शहरांच्या हातात आहे. १८४२ ला जे झालं तेच पुन्हा. कायद्यातली ढाल कोणाच्या हातासाठी घडवली होती हे ती विसरते.

*

आता धावपट्टीकडे येऊ. सिएटल शहरालगतचा बोइंग फील्ड हा विमानतळ किंग काउंटीच्या मालकीचा. या काउंटीचं नाव आधी विल्यम रुफस किंग या अलाबामाच्या गुलामधारक राजकारण्यावरून होतं. १९८६ मध्ये काउंटीने ठरवलं, की यापुढे ‘किंग’ म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. २००५ मध्ये राज्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

एप्रिल २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने माहिती उघड केली, की २०१० पासूनच्या आठ-नऊ वर्षांत बोइंग फील्डवरून ३४ हजारांहून अधिक माणसं हद्दपारीच्या विमानांत बसवली गेली होती. लगोलग काउंटीप्रमुख डाउ कॉन्स्टंटाइन यांनी आदेश काढला. विमान अडवायचा अधिकार त्यांना नव्हता. पण विमानाला इंधन भरणाऱ्या, शिडी लावणाऱ्या खासगी कंपन्या काउंटीच्या जागेत भाडेकरू होत्या. यापुढच्या भाडेकरारांत, हद्दपारीच्या विमानांना सेवा द्यायची नाही अशी अट घालायची, असं त्यांनी ठरवलं. कंपन्यांनी लवकरच ती सेवा थांबवली.

मग काय झालं? विमानं कॅस्केड पर्वतरांगेपलीकडच्या याकिमा गावाच्या विमानतळावर गेली. टॅकोमाच्या बंदिगृहातली माणसं डोंगर ओलांडून बसने तिकडे नेली जाऊ लागली. हद्दपारी चालूच राहिली. अटकेतल्या माणसाच्या वाट्याला बेड्यांतला आणखी काही तासांचा प्रवास आला. ज्यांच्यासाठी दार बंद केलं, त्यांनाच लांबचा वळसा पडला.

२०२० मध्ये केंद्र सरकारने काउंटीवर खटला भरला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २९ नोव्हेंबर २०२४ रोजी नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने काउंटीच्या विरोधात निकाल दिला. कारणं दोन. पहिलं, काउंटीने भाडेकरूंना इतर कुणाची विमानं नव्हे, फक्त हद्दपारीची विमानं नाकारायला सांगितली. हा केंद्राशी केलेला भेदभाव. दुसरं कारण वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं. दुसऱ्या महायुद्धात हा विमानतळ केंद्राने ताब्यात घेतला होता. १९४८ मध्ये तो काउंटीला परत देताना जे हस्तांतरणपत्र झालं, त्यात केंद्राला भेदभावाविना धावपट्टी वापरण्याचा हक्क राखून ठेवला होता. ७० वर्षं कपाटात पडलेला तो कागद बाहेर आला आणि आदेश कोसळला. मालमत्ता विभागात पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं, जागा पाहण्याआधी दस्त पाहा.

काउंटीने मग दुसरा मार्ग धरला. विमानं उतरू देणं भाग आहे, पण लपून नाही. उड्डाणांची नोंद लोकांसाठी जाहीर होऊ लागली आणि विमानतळावरच्या एका खोलीत कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहायची सोय झाली. बॉस्टनची साखळी लोकांना आपोआप दिसली होती. इथे दिसण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागली.

*

एकाच वेळी इतर ठिकाणी वेगळे निकाल लागत होते. इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये कायदा करून आपल्या काउंटींना स्थलांतर बंदिवान ठेवण्याचे करार करायला मनाई केली. मॅकहेन्री आणि कँककी या काउंटी कोर्टात गेल्या, कारण या करारांतून त्यांना उत्पन्न मिळत होतं. २०२२ मध्ये सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने राज्याचा कायदा उचलून धरला: काउंटी राज्याची अंगं आहेत, त्यांच्या तुरुंगाचं काय करायचं हे राज्य ठरवू शकतं. त्याच वर्षी सप्टेंबरात मात्र कॅलिफोर्नियाने खासगी बंदिगृहांवर घातलेली बंदी नवव्या विभागाच्या न्यायालयाने टिकू दिली नाही. खासगी कंपनीची इमारत केंद्राने भाड्याने घ्यायची की नाही हे राज्याने सांगणं म्हणजे केंद्राच्या कामात हात घालणं.

हे सगळे निकाल एकत्र वाचले की एक रेषा दिसू लागते. आपली खोली आपण देत नाही, हे चालतं. शेजाऱ्याने आपली खोली द्यायची नाही असं आपण सांगणं चालत नाही. आणि दहा जणांना देतो पण तुला नाही, हे म्हणायचं तर दस्त आणि कारण दोन्ही पक्के हवेत.

ही रेषा ऑक्टोबर २०२५ मध्ये शिकागोत पुन्हा ताणली गेली. सप्टेंबरपासून तिथे केंद्राची मोठी धरपकड मोहीम सुरू होती. अधिकारी शहराच्या वाहनतळांवर जमतात आणि तिथून छाप्यांना निघतात, असं शहराचं म्हणणं होतं. ६ ऑक्टोबरला महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी आदेश काढला: शहराच्या मालकीचे वाहनतळ, गॅरेज, मोकळे प्लॉट नागरी स्थलांतर कारवाईसाठी जमायला किंवा तळ म्हणून वापरता येणार नाहीत, तसे फलक लावायचे आणि शक्य तिथे फाटकाला कुलूप. १८४३ चा कायदा कोठडीबद्दल होता, २०१९ चा आदेश धावपट्टीबद्दल. आता गोष्ट गाड्या लावायच्या जागेपर्यंत आली.

माझा कारकुनी अंदाज सांगतो. ‘अमक्याला बंदी’ असा फलक कोर्टात लवकर डगमगतो. ‘ही जागा फक्त वाचनालयात येणाऱ्यांसाठी’ असा नियम, जो नगरसेवकाच्या गाडीलाही लागू होतो, तो जास्त टिकावा. फॅन्युएल हॉलच्या आल्डरमन मंडळींनी वेबस्टरांना नाही म्हणताना जे तत्त्व पकडलं होतं, ते हेच. फक्त असा सर्वांना सारखा नियम रोज पाळायचा तर स्वतःच्या सोयीही सोडाव्या लागतात. म्हणून तो क्वचित सापडतो.

*

मग या नकाराचा उपयोग काय? लॅटिमर सुटला, पण सिम्स नाही सुटला. बोइंग फील्डचं दार बंद झालं तेव्हा याकिमाचं उघडलं. इलिनॉयचे करार संपले तेव्हा तिथल्या अनेक बंदिवानांना दुसऱ्या राज्यांत हलवलं गेलं, घरच्यांपासून आणि वकिलांपासून आणखी लांब. किल्ली नाकारल्याने कायदा थांबत नाही, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

मला वाटतं, तिचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, सत्तेला आपलं ओझं स्वतः वाहावं लागतं. दुसऱ्याच्या कोठड्या, दुसऱ्याचे पोलीस मिळाले की कुठलाही कायदा स्वस्त होतो आणि स्वस्त झालेली सक्ती लोकांच्या नजरेआड जाते. बर्न्सला परत पाठवताना खर्च आणि शस्त्रं उघड्यावर आली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी हिशेब मांडला. दुसरं म्हणजे, नकाराची शक्यता आहे एवढं कळलं तरी किल्ली देणाऱ्याला विचारावं लागतं, की ही कशासाठी हवी आहे? हो म्हणायचं असेल तरी विचारून म्हणायचं, लिहून म्हणायचं. हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही आणि केवळ परदेशी माणसांचा नाही.

हे मी ठामपणे म्हणतो, त्याला कारण आहे. माझ्या नोकरीतल्या एका पावसाळ्यात संध्याकाळी कार्यालय बंद करताना फोन आला, की शाळेचे दोन वर्ग एका रात्रीपुरते हवेत. पत्र नंतर देऊ. आवाज ओळखीचा होता, अधिकारातला होता. मी शिपायाबरोबर किल्ली पाठवून दिली. नदीकाठी पालं ठोकून राहणारी काही कुटुंबं रात्रभर त्या वर्गांत ठेवली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहाटे त्यांना गाडीत घालून नेलं. कोण होती, कुठली होती, कुठे नेली, मी विचारलं नाही. हे करायचा हुकूम कुणाचा होता तेही विचारलं नाही. शाळा भरायच्या आत वर्ग धुऊन घेतले आणि किल्ली फळीवरच्या खिळ्याला परत लावली. पत्र कधी आलं नाही, म्हणून पावती फाडली नाही, म्हणून नोंदही केली नाही.

मी नाही म्हटलं असतं तर ती माणसं वाचली असती असं नाही. दुसरी खोली सापडली असती, आपल्याकडे खोल्यांना काय तोटा. पण कुणाला तरी पत्र लिहावं लागलं असतं. त्या पत्रावर नाव, कारण आणि सही आली असती. बॉस्टनमध्ये १८४२ साली कुणाच्या कोठडीत कोण होतं, हे आज एका लहान गावातला निवृत्त कारकून वाचू शकतो, कारण तिथे लोक जागेवरून भांडले आणि भांडणाचे कागद उरले. माझ्या रजिस्टरात मात्र त्या तारखेला दोन ओळींच्या मध्ये काहीच नाही. वर एका साखरपुड्याची नोंद आहे, खाली नेत्रतपासणी शिबिराची. दोन्ही माझ्याच अक्षरात.